हृदयाच्या रोहिणी उघडणारा वैद्य
(सुवर्णमहोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें भाषण)



आपल्या घरोघरीं येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे आणि संध्याकाळीं तिच्यापुढें दिवा लावण्याची चाल अजून मोडलेली नाहीं. हृदय हा शब्द आपल्या प्रार्थनेंत इतक्या वेळां येतो कीं, हृदय हा एक स्नायु आहे, त्यालाहि स्वतःच्या पोषणासाठीं रक्त लागतें, आणि तें रक्त पोंचविणाऱ्या रोहिणी जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या असतात, ही गोष्ट आपण विसरूनच जातों. या रोहिणी बुजूं लागल्या म्हणजे छाती न उघडतां आंतूनच त्या मोकळ्या करणारे वैद्य आज मोठ्या शहरांतून आहेत. त्यांच्या नित्याच्या कामाविषयीं चार शब्द बोलावेत अशी उत्सव-समितीची आज्ञा झाली. ती आम्ही शिरसावंद्य मानतों.

ही विद्या फार जुनी नव्हे. १९२९ सालीं जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें वेर्नर फोर्समान नांवाच्या तरुण डॉक्टरानें स्वतःच्या हाताच्या शिरेंतून एक लांब नळी हृदयापर्यंत सरकविली, आणि नळी तशीच ठेवून चालत जाऊन क्ष-किरणांचें चित्र काढविलें. त्या काळच्या थोर वैद्यांनीं त्याची कदर केली नाहीं. १९५६ सालीं मात्र इतर दोघांबरोबर त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें अमेरिकेंत चार्ल्स डॉटर यानें १९६४ सालीं पायाची अरुंद झालेली रोहिणी आंतून रुंद करून दाखविली. हा धागा उचलला तो झुरिक येथील आंद्रेआस ग्रुंट्सिग यानें. नळीच्या टोंकावर बसवावयाचे चिमुकले फुगे तो आपल्या घरच्या स्वयंपाकघरांतील टेबलावर बसून तयार करी. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं ३८ वर्षांच्या एका जाग्या माणसाच्या हृदयाच्या रोहिणींत त्यानें असा फुगा नेला, फुगविला, आणि रक्ताचा मार्ग मोकळा झाला. कांहीं बिघडल्यास छाती उघडण्यासाठीं शल्यवैद्य सज्ज ठेवलेले होते. त्यांची गरज पडली नाहीं. दहा वर्षांनीं पाहिलें तों ती रोहिणी उघडीच होती. ग्रुंट्सिग मात्र तें पाहावयास राहिला नाहीं. १९८५ सालीं विमान-अपघातांत त्याचा अंत झाला. जगभर वाहवा चालली असतांहि प्रत्येक रोग्याची, यशाची तशीच अपयशाची, नोंद झाली पाहिजे असा त्याचा आग्रह होता. आम्हांस त्याच्या हस्तकौशल्यापेक्षां हा आग्रह अधिक मोलाचा वाटतो.

आजचा त्याचा वारस सकाळीं अंगावर शिशाचा जड अंगरखा चढवितो, गळ्याभोंवतीं शिशाची पट्टी बांधतो आणि तासन्‌तास उभा राहतो. क्ष-किरण रोग्याच्या देहावर आदळून चोहोंकडे उधळतात, म्हणून हें ओझें. आणि तें वागवूनहि वर्षानुवर्षांच्या कामानें यांपैकीं कित्येकांची पाठ धरते, कोणाच्या डोळ्यांत अकालीं मोतीबिंदु उतरूं लागतो. रोग्यास बहुधा पूर्ण भूल दिलेली नसते. मनगटाची किंवा जांघेची तेवढी जागा बधिर करतात. तेथून नळी जाते, नळींतून सुमारें एकतृतीयांश मिलिमीटर जाडीची तार जाते, आणि वैद्याची दृष्टि हातावर नसून समोरच्या पडद्यावर असते. तार सरकते तें रोग्यास कळत नाहीं. फुगा फुगला म्हणजे मात्र पुष्कळांच्या छातींत तीच ओळखीची कळ येते. अशा वेळीं, "काका, आतां थोडें दुखेल, लगेच थांबेल," एवढें सांगणें हाहि त्या कामाचाच भाग आहे. मग धातूची बारीक जाळी, जिला स्टेंट म्हणतात, ती तेथें बसवून नळी बाहेर काढतात.

आतां मुख्य गोष्ट. ही क्रिया दोन अगदीं निराळ्या प्रसंगीं केली जाते, आणि आपण लोक दोहोंतहि नेमकें उलटें वागतों.

पहिला प्रसंग झटक्याचा. रोहिणींत गुठळी होऊन रक्त अडलें कीं पुढचा स्नायु मरूं लागतो. रोगी रुग्णालयाच्या दारांत आल्यापासून ९० मिनिटांच्या आंत रोहिणी उघडावी असा दंडक आहे. त्यासाठीं हा वैद्य मध्यरात्रीं फोन वाजतांच अंथरुणांतून उठून धांवतो. पण दारापर्यंतचा वेळ त्याच्या हातीं नाहीं, तो आपल्या हातीं आहे. आणि आपण काय करतों? ओवा चावतों, सोडा पितों, बाम चोळतों, "गॅस झाला असेल" म्हणून कोंबडा आरवेपर्यंत वाट पाहतों. आपल्या बायका तर घाम सुटला, धाप लागली, पाठ किंवा जबडा दुखला, तरी चुलीवरचें उरकूनच बोलतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशाच वेळेसाठीं आहे.

दुसरा प्रसंग सावकाशीचा. चढण चढतांना छाती भरून येते, थांबलें कीं बरें वाटतें, आणि हें महिनोन्‌महिने एकसारखें चाललेलें असतें. येथें मात्र आपणांस कोण घाई! २००७ आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचण्यांत असें दिसलें कीं, अशा स्थिर दुखण्यांत योग्य औषधें चालू असतां जाळी बसविल्यानें कळ कमी होते, परंतु आयुष्य वाढल्याचें दिसत नाहीं. अर्थात् डाव्या मुख्य रोहिणींतील अडथळ्याची गोष्ट वेगळी. म्हणून चांगला वैद्य पुष्कळदां सांगतो, "तूर्त औषधें घ्या, तंबाखू सोडा, रोज चाला." तें ऐकून आपण खट्टू होतों आणि जाळी घालणारा दुसरा कोणी शोधतों. जाळी घातल्याचे पैसे मिळतात. न घालण्याच्या सल्ल्याचें मोल कोण देतो? सरकारनें २०१७ सालीं किमतीस आळा घालून औषधी लेपाच्या जाळीस २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. पूर्वीं हीच किंमत लाखाच्या वर जाई. तें चांगलेंच झालें. पण अनावश्यक वस्तु स्वस्त झाली म्हणून ती आवश्यक होत नाहीं.

एक सूचना राहिली. जाळी बसविल्यावर रक्त गोठूं न देणाऱ्या गोळ्या देतात. त्या मध्येंच सोडल्यास जाळींतच गुठळी होऊं शकते. दांत काढावयाचा असला तरी आधीं हृदयाच्या वैद्यास विचारावें. उपवासकाळांत कोणी अन्न सोडलें तर सोडो, गोळी सोडूं नये. विगर फादरांची यास हरकत नसावी अशी उमेद बाळगून आम्ही आपली रजा घेतों.