जबलपूरची मुले आणि इंजिनिअरिंगची पदवी
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



इंजिनिअरिंगच्या पदवीकडे मुले अधिक संख्येने कशी वळतील, हा विषय समितीने मला दिला. काहींना याचे नवल वाटेल. आपल्या विजय नगरात गल्लीगल्लीत इंजिनिअर आहेत, मग मुले कमी कुठे पडली? संगणक शाखेपुरते हे खरे आहे. देशात २०२४-२५ मध्ये बी. टेक.च्या मंजूर जागा सुमारे १४.९ लाखांवर गेल्या. एका शाखेत किती जागा ठेवाव्यात यावरची मर्यादा त्याच वर्षी उठली आणि महाविद्यालयांनी मुख्यतः संगणकाच्याच तुकड्या वाढवल्या. मेकॅनिकल, सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलच्या वर्गांत मात्र बाके रिकामी राहतात. मला बोलायचे आहे ते या रिकाम्या बाकांविषयी.

आणि ते जबलपुरात बोलायचे आहे, कारण या तिन्ही शाखांचे काम आपल्या गावाइतके हाताच्या अंतरावर असलेली शहरे फार नाहीत. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. मग खमरिया, मग १९६९ पासून व्हेइकल फॅक्टरी. २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय इथे आहे, वीज कंपन्यांची मुख्यालये इथे आहेत. गोकलपूरचे इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चे. दूरसंचाराचे शिक्षण देशात अगदी सुरुवातीला ज्या संस्थांनी सुरू केले, त्यांत त्याचे नाव आहे. डुमन्याची ट्रिपल आयटी २००५ ची. आपल्यापैकी निम्म्या घराण्यांचे आजोबा नागपूर, अमरावती, पुण्याहून इथे आले ते यांतल्याच कुठल्या तरी फाटकातून आत जाण्यासाठी!

तरीही बारावीच्या मुलाला विचारा, मेकॅनिकल इंजिनिअर दिवसभर काय करतो? तो म्हणेल, मशीन दुरुस्त करतो. चूक त्याची नाही. संरक्षण कारखान्यांच्या भिंती उंच, आत जायला पास लागतो. वडील संध्याकाळी डबा घेऊन परत येतात आणि घरी बोलणे होते ते बदलीचे, बढतीचे, क्वार्टरचे. कामाचे बोलणे होत नाही. डॉक्टर काय करतो ते मुलाने पाहिलेले असते, संगणकावरचे काम ताई घरी बसून करते तेही तो पाहतो. इंजिनिअरिंगचे हे बाकीचे काम तो पाहतच नाही, मग मागणार कसे?

थोडे दाखवण्याचा प्रयत्न करतो. आता आपली आरती झाली, मंडपातले सगळे दिवे एकदम लागले. अशा वेळी राज्यभर विजेची मागणी चढते. वीज साठवून ठेवलेली नसते; जितकी खर्च होते तितकी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती वाढली नाही, तर सेकंदाला ५० आवर्तनांचा ताल घसरतो आणि फार घसरला तर संचच बंद पडू लागतात. हा ताल साऱ्या मध्य प्रदेशासाठी सांभाळणारे केंद्र आपल्याच नयागावला आहे. मागणी चढली की मदतीला चटकन येणारी वीज असते पाण्याची. आपल्या बरगीला ४५ मेगावॅटचे दोन संच आहेत. त्याच बरगीचे २१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात त्यांतले कोणते, किती उघडायचे, म्हणजे धरणही सुरक्षित राहील आणि खालच्या ग्वारीघाटाला फटकाही कमी बसेल, हे गणित सिव्हिलवाल्याचे.

दुसरे उदाहरण धनुष तोफेचे. बोफोर्सच्या व्यवहारात १९८० च्या दशकात जी कागदपत्रे मिळाली, त्यांच्या आधारे १५५ मिलीमीटरची लांब पल्ल्याची तोफ आपल्या गन कॅरेजमध्ये उभी राहिली आणि ८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या ६ तोफा लष्कराच्या हवाली झाल्या. नकाशा हाती असणे आणि तोफ चालणे यांत किती वर्षांचे काम असते, ते ज्यांनी केले ती माणसे याच शहरात राहतात.

आणि २२ मे १९९७ ची पहाट तर पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही सांगावी लागणार नाही. चारच्या सुमारास जमीन हलली. काही घरे कोसळली, काहींना नुसत्या भेगा गेल्या. हा सगळा दैवाचा खेळ नव्हता. दारे-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधून घेणारा काँक्रीटचा पट्टा असला की विटांचे घर असे हादरे पुष्कळ सोसते. मुलाला हे सांगा, मग सिव्हिल म्हणजे नुसती ठेकेदारी नव्हे हे त्याच्या ध्यानात येईल.

कोणी म्हणेल, पगाराचे काय? पहिला पगार संगणकवाल्याचा बहुधा अधिक असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पॅकेजचे आकडे दाखवून मुले ओढायला गेलो तर या शाखा हरणारच. कामच दाखवावे लागेल. जो ते पाहून येईल, तो दुसऱ्या वर्षाच्या गणिताला कंटाळून पळणार नाही.

मुलींबद्दल एक शब्द. "शॉप फ्लोअरवर मुलगी कशी काम करणार?" हा प्रश्न अजून ऐकू येतो. ए. ललिता या तरुण विधवा, पदरी लहान मुलगी असताना, १९४३ मध्ये मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. पुण्यात १९९१ पासून मुलींचे वेगळे इंजिनिअरिंग कॉलेज चालू आहे. आता तर ए.आय.सी.टी.ई.ची प्रगती शिष्यवृत्ती पात्र मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर राज्याची मेधावी विद्यार्थी योजना नीट वाचा: मध्य प्रदेश बोर्डात ७० टक्के किंवा सी.बी.एस.ई.त ८५ टक्के आणि जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतला क्रमांक. उत्पन्नाची मर्यादा आहे, ती त्या वर्षीच्या नियमांत पाहून घ्यावी. याशिवाय शिकवणी शुल्क माफ असलेल्या ५ टक्के अधिकच्या जागा असतात. पुण्याला धावणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की आई-वडिलांचा किंवा स्वतःचा महाराष्ट्रातला अधिवास दाखला नसेल तर तिथे आपण परराज्यातले. मावशी सदाशिव पेठेत राहते, एवढ्यावर कोटा लागत नाही! ज्याला बारावी जड वाटते त्याने दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करावा. तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. या वाटेला आपल्याकडे उगाच कमी लेखतात.

मंडळाला माझी विनंती छोटी आहे. पुढच्या वर्षी हलत्या देखाव्याची मोटर, तिचा दांडा आणि मंडपाच्या विजेचा भार यांचा हिशेब आठवी ते दहावीच्या मुलामुलींना करू द्यावा. जोडणी अर्थात परवानाधारक इलेक्ट्रिशियनच करील. आणि फॅक्टरी, रेल्वे, वीज मंडळातून निवृत्त झालेल्या आपल्या काका-आजोबांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. गुप्त ते गुप्तच राहू द्या. पण कातकामात मिलीमीटरचा शंभरावा भाग कसा पकडतात, हे मायक्रोमीटर हातात देऊन दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्यांची तयारी असेल त्यांनी आजच कार्यवाहांकडे नाव द्यावे. माझे नाव मी सुरुवातीलाच दिले आहे.

 गणपती बाप्पा मोरया!