दुसऱ्याच्या पोथींत आपली ओंवी

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि आयुष्य गेलें शाळेंत खडूच्या धुळींत. असा मनुष्य संगणकावरील खेळांविषयीं बोलूं लागला म्हणजे आपणांस नवल वाटेल. दोन वर्षांपूर्वीं मलाही वाटलें असतें. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या बीडच्या घरीं एक लहानसें प्रकरण उद्भवलें आणि त्याचा निवाडा करण्याचें काम माझ्याकडे आलें. निवाडा करावयाचा तर प्रकरण समजलें पाहिजे. म्हणून ह्या वयांत मला ही नवी विद्या थोडीबहुत शिकावी लागली.

माझा नातू छत्रपति संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकतो. सुटीस घरीं आला कीं रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत त्याच्या खोलींत उजेड दिसे. एके रात्रीं मीं जाऊन म्हटलें, "बाळ, खेळण्यालाही कांहीं मर्यादा असावी." तो म्हणाला, "आजोबा, मी खेळत नाहीं. खेळांत देऊळ बांधतों आहें."

ह्या खेळाचें नांव 'स्कायरिम'. अमेरिकेंतील मेरिलंड राज्यांतल्या बेथेस्डा ह्या संस्थेनें तो ११ नोव्हेंबर २०११ रोजीं प्रसिद्ध केला. १९९४ सालीं सुरू झालेल्या एका मालिकेंतील हा पांचवा मोठा खेळ. ह्यांत उत्तरेकडील एक बर्फाळ कल्पित देश आहे; पर्वत, नद्या, किल्ले, बाजार, आणि आकाशांतून अवचित येणारे आग ओकणारे अजगर. विशेष हा कीं, खेळणारास ठरलेली वाट नाहीं. त्यानें कथानक सोडून डोंगर चढावा, औषधी गोळा कराव्या, लोहाराच्या भट्टीवर तलवारी घडवाव्या किंवा नुसतें भटकावें. देश त्याची वाट पाहत थांबतो. आमच्या बालपणीं चंद्रकांता वाचतांना तिलिस्माच्या कोणत्या दारानें आंत शिरावें हें लेखकाच्या हातीं असे. येथें तें वाचकाच्या हातीं आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण मला खरें नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. ह्याच मालिकेंतील 'मॉरोविंड' हा खेळ २००२ सालीं निघाला, तेव्हां संगणकासाठीं केलेल्या आवृत्तीबरोबर तो रचण्याचें साधनही कंपनीनें गिऱ्हाइकाच्या हातीं दिलें. स्कायरिमचें असें साधन फेब्रुवारी १९१२ मध्यें नव्हे, २०१२ मध्यें निघालें. वयोमानामुळें जीभ अजून मागच्या शतकाकडेच वळते. हलवायानें मिठाईच्या पुड्याबरोबर कढई आणि झाराही द्यावा, तसा हा प्रकार. मग जगभरच्या हौशी मंडळींनीं त्या देशांत आपापली भर घालण्यास आरंभ केला. कुणी नवें गांव वसविलें, कुणी झाडांचीं पानें अधिक हिरवीं केलीं, कुणी मूळ कर्त्यांच्या राहून गेलेल्या शेंकडों चुका दुरुस्त केल्या. अशा प्रत्येक भरीस 'मॉड' म्हणतात.

मॉड कसा चालतो हें मला नातवानें दोन संध्याकाळीं समजावून दिलें, आणि मास्तराला शिकवितांना विद्यार्थ्याचा आवाज किती चढतो हेंही मला त्या निमित्तानें कळलें. मूळ खेळाच्या फायलींना बहुधा कोणी हात लावीत नाहीं. मॉड ही वेगळी फाईल असते, आणि खेळ सुरू होतांना ती मुळावर अंथरली जाते. दोन मॉडांनीं एकच वस्तु बदलली असेल, तर जो शेवटीं अंथरला त्याचें चालतें. शाळेच्या फलकावर एका सूचनेवर दुसरी सूचना चिकटविली म्हणजे वरचीच वाचली जाते, तसें. म्हणून कोणता मॉड आधीं आणि कोणता नंतर, हा क्रम लावणें हीच एक मोठी विद्या झाली आहे. पूर्ण वजनाच्या अशा फायली अडीचशेंहून फारशा अधिक लावतां येत नाहींत. कारण विचारलें तेव्हां कळलें कीं, प्रत्येकीला सोळांच्या पायावरील दोन अंकी क्रमांक मिळतो, आणि सोळा गुणिलें सोळा म्हणजे २५६. पाढे कोठें उपयोगी पडतील ह्याचा नेम नाहीं! पुढें हलक्या वजनाच्या फायलींचा एक प्रकार काढून ही अडचण बरीच दूर केली गेली.

मॉड काढून टाकला कीं मूळ खेळ जसाच्या तसा खालीं असतो. मात्र एक मेख आहे. डाव अर्ध्यावर असतां मॉड काढला, तर जतन करून ठेविलेल्या त्या डावांत त्याचे अवशेष राहतात आणि पुढें भलत्याच ठिकाणीं बिघाड होतो.

हें ऐकून मला आमच्या पोथ्या आठवल्या. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. तिच्यानंतरच्या तीनशें वर्षांत नकला करणारांनीं आपापल्या ओंव्या तिच्यांत घातल्या. बहुतेकांनीं त्या भक्तीनेंच घातल्या असतील. पण अंथरल्या नाहींत, मिसळल्या. खालचें मूळ कोणतें आणि वरचें कोणतें, हें ओळखूं येईना. शेवटीं गोदावरीच्या पलीकडच्या पैठणास एकनाथमहाराजांनीं प्रती ताडून पाहून शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि पुढें जो कोणी तींत स्वतःची ओंवी घालील तो अमृताच्या ताटांत करवंटी ठेवील, अशा अर्थाची ताकीद देऊन ठेविली. उलट, त्यांचेच समकालीन आमच्या अंबाजोगाईचे दासोपंत पाहा. त्यांना गीतेवर पुष्कळ सांगावयाचें होतें. त्यांनीं दुसऱ्याच्या टीकेंत शिरकाव केला नाहीं. स्वतःच्या नांवानें 'गीतार्णव' रचला, जो सव्वा लाख ओंव्यांचा म्हणून ओळखला जातो. आणि कागद पुरेना म्हणून कीं काय, 'पंचीकरण' एका भल्या मोठ्या पासोडीवर लिहिलें.

स्कायरिमच्या जगांतही हीं दोन्हीं घराणीं आहेत. एक चुका दुरुस्त करणारांचें. दुसरें दासोपंतांचें: 'शूर-एआय' नांवाच्या जर्मन हौशी मंडळानें त्याच यंत्रावर 'एंडेराल' नांवाचा सर्वस्वी नवा देश आणि नवें कथानक उभें करून २०१६ सालीं तें फुकट दिलें. ऑस्ट्रेलियांतील एका वकिलानें फावल्या वेळांत रचलेल्या 'द फरगॉटन सिटी' ह्या मॉडला तेथील लेखकसंघाचें पारितोषिक २०१६ सालीं मिळालें. २०२१ मध्यें त्याचाच स्वतंत्र खेळ होऊन बाजारांत आला. मॉरोविंडमध्यें तर मूळ कर्त्यांनीं एकच बेट दाखविलें होतें. त्याच्या भोंवतालची मुख्य भूमि स्वयंसेवक वीस वर्षांहून अधिक काळ बांधीत आले आहेत. आमच्याकडे सार्वजनिक तळ्याचें काम इतक्या चिकाटीनें चाललेलें मीं पाहिलेलें नाहीं.

आतां आमचें प्रकरण. नातू जें देऊळ बांधीत होता तें आमचें कंकालेश्वर. ज्यांनीं बीड पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: जुन्या गांवाच्या बाजूस पाण्यानें भरलेल्या एका कुंडाच्या मध्यभागीं हें काळ्या दगडाचें प्राचीन मंदिर उभें आहे, महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. तें देऊळ त्या बर्फाळ देशांतल्या एका सरोवरांत उभें करावें, अशी त्याची कल्पना. भाऊबीजेच्या दिवशीं त्यानें तो मॉड सर्वांसाठीं खुला केला. तिसऱ्या दिवशीं दूरदेशींच्या कोणा अनोळखी माणसाचा निरोप आला: देवळाचे खांब माझ्या मॉडमधले आहेत, मला विचारलें कां नाहीं?

अशा प्रत्येक मॉडच्या पानावर कर्ता आपल्या अटी लिहून ठेवतो. कोणी म्हणतो, खुशाल वापरा. कोणी म्हणतो, नांव द्या. कोणी म्हणतो, आधीं विचारा. ह्या गृहस्थानें विचारण्याची अट घातलेली होती आणि नातवानें ती वाचलेली होती. मीं विचारलें तेव्हां त्याचीं उत्तरें ठरलेलीं होतीं. "मी पैसे घेत नाहीं. मीं दगडाचा रंग बदलला आहे. आणि, आजोबा, सगळा खेळच दुसऱ्याचा आहे. मग चार खांबांचें काय?"

पैशाचा मुद्दा पोकळ होता, हें त्यानेंच सांगितलेल्या एका हकीकतीवरून दिसतें. एप्रिल २०१५ मध्यें स्कायरिमचे मॉड विकत देण्याचा प्रयोग सुरू झाला. किंमतींतला चौथा हिस्सा मॉड करणारास मिळावयाचा. श्रमाच्या मानानें हा वांटा मला कमीच वाटतो. पहिल्याच हप्त्यांत मासेमारीचा एक मॉड होता. त्यांत दुसऱ्याचें काम विनापरवाना गुंतलें आहे असा आक्षेप आला आणि तो काढून घ्यावा लागला. चार-पांच दिवसांत सारा प्रयोगच गुंडाळून लोकांचे पैसे परत करण्यांत आले. परंतु पैसा नसता तर तो आक्षेप खोटा ठरला असता काय? तिसरा मुद्दा मात्र अवघड होता. खेळ कंपनीचा खराच. पण कंपनीनें झारा आपण होऊन हातांत दिला होता. खांब कोणीं दिले होते?

हें सर्व मीं त्यास बोललों असतों, आणि त्यानें मान खालीं घालून ऐकलेंही असतें. पण माझ्या जिभेवर शब्द येईनात. त्याचें कारण चाळीस वर्षांपूर्वींचें आहे. मी नवा मास्तर होतों. शाळेंतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यानें स्नेहसंमेलनासाठीं पोवाडा रचला, आणि ते ऐन वेळीं आजारी पडले. मीं शेवटीं दोन चौक जोडून तो मुलांकडून म्हणवून घेतला. टाळ्या पुष्कळ पडल्या. पुढें शाळेच्या हस्तलिखितांत तो उतरला, तेव्हां खालीं माझें एकट्याचें नांव होतें. मीं तें लिहावयास सांगितलें नव्हतें, परंतु खोडावयासही सांगितलें नाहीं. ते बरे होऊन आले, पानें चाळलीं, आणि म्हणाले, "शेवटचे दोन चौक बरे साधले आहेत, गुरुजी." एवढेंच. त्यानंतर बारा वर्षें आम्ही एकाच खोलींत चहा प्यालों. आतां ते नाहींत.

ही गोष्ट मीं घरांत कधीं कोणास सांगितली नव्हती, हिलाही नाहीं. त्या रात्रीं नातवास सांगितली. तो कांहीं बोलला नाहीं. सकाळीं उठून पाहतों तों त्यानें मॉड उतरविला होता आणि त्या गृहस्थास क्षमेचें पत्र लिहिलें होतें. मला इंग्रजी बेताचेंच येतें. पण त्यांत सबबी नव्हत्या, एवढें समजलें.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. परवानगी मिळाली नाहीं. पण खांब स्वतः कसा घडवावा ह्याचा एक पाठ त्या माणसानें सोबत धाडला होता. मला हें परवानगीहून अधिक वाटलें. नातवास तसें वाटण्यास दोन दिवस लागले.

मग आम्ही दोघे टेप घेऊन कंकालेश्वरास गेलों. मीं टेपचें टोंक धरावयाचें, त्यानें आंकडा वाचावयाचा, असें काम वांटून घेतलें. घरीं येऊन तो त्या मापांनीं 'ब्लेंडर' नांवाच्या साधनावर खांब घडवूं लागला. येथें मला एक मौज कळली. खांबावरचें बारीक कोरीव काम खरोखर कोरीत नाहींत. तसें केल्यास पृष्ठांची संख्या बेसुमार वाढून यंत्राचा दम कोंडतो. खांब साधाच ठेवतात आणि त्यावर एक निळसर चित्र बसवितात. प्रत्येक बिंदूवर उजेड कोणीकडे वळावा हें त्या चित्रांत सांगितलेलें असतें, आणि डोळ्यांस खोली भासते. त्या प्राचीन पाथरवटानें छिन्नीनें साधलें तें हा मुलगा उजेडाला चकवून साधतो. फसवणुकीचा हा एवढा प्रकार मीं मंजूर केला आहे.

पहिल्या खांबास तीन आठवडे लागले आणि तो किंचित् कललेला निघाला. दुसरा बरा झाला. काम अजून चाललें आहे. मॉडच्या पानावर कोणाकोणाचीं नांवें घालावयाचीं ह्याची यादी त्यानें आधींच करून ठेविली आहे; पाठ धाडणाऱ्या त्या गृहस्थाचें टोपणनांव तींत पहिलें आहे, आणि टेप धरणारा म्हणून माझेंही शेवटीं आहे. मीं त्यास म्हटलें, त्या पोवाड्याच्या मूळ कवीचें नांव कोठें तरी घालतां येईल काय? त्याचा ह्या कामाशीं संबंध नाहीं, हें मलाही कळतें. नातू म्हणाला, "देवळाच्या बाहेर एक शिलालेख बसवूं." लेखाचा मजकूर मीं लिहावयाचा ठरला आहे, चार ओळींचे आतांपर्यंत सहा कागद फाडून झाले.

आजीनें एकच अट घातली आहे: देवळापाशीं मारामारी नको. नातवानें आसपास शत्रू ठेविले नाहींत. परंतु त्या देशांतले अजगर आकाशांत आपल्या मर्जीनें फिरतात. त्यांतला एखादा शिखरावरून उडून जाणारच नाहीं, अशी हमी त्यास देतां येईना. शिवाय बर्फाच्या मुलखांत कुंडाचें पाणी गोठलेलें दाखवावें कीं वाहतें, ह्यावर घरांत दोन तट पडले आहेत. मी वाहत्या पाण्याच्या बाजूचा आहें.