चढ टीव्हीवर दिसत नाही

श्रोतेहो, मोनॅकोच्या मोटारशर्यती तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. नातवंडांनी तरी बळेच दाखवल्या असतील. म्हणून मोटारींचं सांगत नाही. चढाचं सांगतो.

आमचं जहाज मोनॅकोच्या बंदरात दिवसभर थांबलं होतं. बरोबरची मंडळी बसने कसिनो बघायला गेली. आम्ही नवरा-बायको शर्यतीचा रस्ता पायी चाललो. अंतर किती, तर ३.३३७ किलोमीटर. पहिल्याच वळणावर सांत देव्होतचं चर्च आहे, म्हणजे त्यांच्या ग्रामदेवतेचंच ठाणं. तिथून कसिनोपर्यंत नुसता चढ! रस्त्याच्या सगळ्यांत खालच्या आणि वरच्या जागेत साधारण ४२ मीटरचा फरक आहे. टीव्हीवर रस्ता सपाट वाटतो. पुढे एका हॉटेलापाशी इतकं आवळलेलं वळण आहे, की शर्यतीची मोटारही तिथे जेमतेम पन्नासच्या वेगाने वळते. आमची ही म्हणाली, "इथून उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळेल का हो?"

हा रस्ता म्हणजे लग्नघरातलं माजघर. एरवी तिथेच उठबस, तिथेच निजणं. कार्य निघालं की सामान हलवायचं, पंगत मांडायची. पंगत उठली की पुन्हा अंथरुणं. मोनॅकोत १९२९ पासून हेच चाललंय. कठडे, जाळ्या, बसायच्या जागा उभारायला सहा आठवडे लागतात. मग शर्यत होते, आणि पुन्हा तिथूनच गावाची बस जाते, बाया बाजार घेऊन जातात. म्हणून तिथल्या शेंबड्या पोरालाही चढ ठाऊक.

आपला बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट मात्र त्याच घरातली कुलूप लावलेली खोली. जत्रेपुरती उघडायची. २०१४ च्या बंदीनंतर तर कुलूपच गंजलं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. बंदीच्या काळात मिसरूड फुटलेल्या पोरांनी बारी, म्हणजे गाड्याची धाव, पाहिली ती मोबाईलवर. आता कवठे येमाई-पाबळच्या पट्ट्यात जत्रेला गर्दी उसळते, पण कडेला उभं राहून हात वर, मोबाईल वर! अकरा-बारा सेकंदांत बारी संपते. अरे बाबांनो, बैल कुठे जोर लावतात ते त्या चौकोनात कसं कळणार? पुन्हा सांगतो, चढ तिथे दिसत नाही. शर्यत नसेल त्या दिवशी घाट खालून वरपर्यंत चाला. निम्म्यावर पोटऱ्या बोलायला लागतात, तिथेच जुकाटाच्या बैलजोडीची कसोटी असते. निशाणापलीकडे गाडा थांबायला किती जागा लागते, तेही तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

सपाटीवरचे दौंडकर म्हणतील, आमच्याकडे कुठला आलाय चढ! नसू दे. तुकोबांच्या पालखीबरोबर यवतहून वरवंडला चालत गेलेल्या माणसाला विचारा; सावली कुठे संपते ते तो बोटावर सांगेल. मोटारीतून गेलेल्याला पुढचा पाटसचा टोल तेवढा आठवतो.

काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. खरं तर घोडीबद्दल बोलायचं होतं. चार बैलांच्या पुढे ती धरणारा पोरगा घाटाची कुठली बाजू धरतो, आणि का, ते... पण ते घाट चालल्याशिवाय सांगूनही कळायचं नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर जा. पायांत चांगल्या वहाणा घाला, खडी फार असते.