एक तार चढवली की पाच उतरतात!
(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातील छोटेसे भाषण)



सेक्रेटरींनी सांगितलं, ‘घरच्या घरी केलेल्या दुरुस्तीवर चार मिनिटं बोला.’ माझ्या बहुतेक दुरुस्त्यांनंतर माणूस बोलवावा लागतो. एकच जमली, ती सांगतो.

आमचे चिरंजीव हायस्कूलमध्ये असताना इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. टॅलेंट शो दोन दिवसांवर आला होता. मी सरप्राइज म्हणून गिटारच्या सहाही तारा एकदम काढल्या आणि नव्या, जरा जाड तारा बसवल्या. झालं! ब्रिज मागून उचलला गेला, एकही तार सुरात राहीना. दुकानदार म्हणाला, आठवडा लागेल. चिरंजीव एवढंच म्हणाले, ‘बाबा, विचारायचं तरी!’ आणि खोलीचं दार लागलं.

रात्री बेसमेंटमध्ये बसून मी ते यंत्र समजून घेतलं. लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला स्प्रिंगांवर हलणारा ब्रिज दिला. फ्लॉइड रोझ यांना १९७९ साली तारा घट्ट आवळून धरणाऱ्या ब्रिजचं पेटंट मिळालं. आमचा त्यातलाच. तो लाकडावर पक्का बसलेला नसतो, दोन खुंट्यांवर तरंगतो. पुढून सहा तारा ओढतात, मागून गिटारच्या पोटातल्या स्प्रिंगा ओढतात. दोन्ही ओढी सारख्या झाल्या, की ब्रिज सपाट राहतो.

माझी आई मिरजेचा तंबोरा लावायची. तिथे एक तार लागली की लागली. इथे एक तार चढवली की ब्रिज झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात!

थोड्या वेळाने चिरंजीव खाली आले. काही न बोलता समोर बसले. ॲलन कीने मानेवरचे चाप सोडले, ब्रिजवरचे बारीक स्क्रू मध्यावर आणले. तो सगळ्या तारा लावायचा, मग मी ब्रिज बघायचो. मागून उचललेला दिसला, की तारा जरा सैल करून पाठीमागचे, स्प्रिंगा धरणारे दोन स्क्रू पाव-पाव फेरा आवळायचे. (ब्रिज खाली बसला असता, तर उलट सैल करायचे.) पुन्हा सगळ्या तारा लावायच्या. अशा सात-आठ फेऱ्या झाल्या. घाई केली की सगळं बिघडायचं. शेवटी चाप आवळले आणि उरलेला फरक बारीक स्क्रूंनी काढला, अगदी तंबोऱ्याच्या मण्यांसारखा. मण्यांची गोष्ट त्याला त्या रात्री पहिल्यांदा सांगितली. ‘आजी हे रोज करायची?’ त्याने विचारलं. कित्येक महिन्यांनी आम्ही ‘ओके’च्या पुढे बोललो होतो.

तेव्हा पालकहो, लक्षात ठेवा: तारा एकेक करून बदला, त्याच जाडीच्या घ्या. सगळ्या काढायच्याच असतील, तर आधी ब्रिजखाली लाकडाचा तुकडा अडकवा. आणि त्याही आधी, मुलांना विचारा!

शोमध्ये त्याने दांडी खोल दाबली आणि सोडली. मी श्वास रोखून बसलो होतो. सूर जागेवर परत आला. त्याने प्रेक्षकांत माझ्याकडे पाहिलं.