सरासरी नको, गर्दी मोजा

एका सर्व्हरवर पन्नास-शंभर वेबसाइट चालवणारी आपली मंडळी होस्टिंग घेताना एकच विचारतात, महिन्याला किती जीबी? अहो, हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, ऐन गर्दीत सेकंदाला किती?

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी घ्या. टाकी भरलेली, दिवसाला पाणी पुरून उरतं. तरी सकाळी सात वाजता सगळे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावर धार करंगळीएवढी होते. पाणी कमी नसतं, पाइप अरुंद असतो. त्यात एका घरी नळ वाहता राहिला तर भोगतात सगळे. सर्व्हरवर तेच. एका साइटचा बिघडलेला प्लगइन शेजाऱ्यांचं पाणी ओढून घेतो. म्हणून घरटी वेगळा कॉक हवा, म्हणजे प्रत्येक साइटला सीपीयू आणि मेमरीची मर्यादा.

आता हिशेब. एक एमबीपीएसची लाइन तीस दिवस अखंड भरून वाहिली तर ३२४ जीबी जातात. म्हणजे महिना ३०० जीबी हे ऐकायला भारी, पण सरासरीने एक एमबीपीएससुद्धा भरत नाही! आणि दहावीचा निकाल सरासरीने लागत नाही, तो दुपारी एकला लागतो. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. पान दोन मेगाबाइटचं असेल तर सेकंदाला जेमतेम सहा जणांची सोय. सातवा गप्प बसत नाही, तो रिफ्रेश दाबत सुटतो!

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं : सरासरी नको, गर्दी मोजा. डेटा सेंटरचं बिल पुष्कळदा ९५ व्या पर्सेंटाइलवर असतं. दर पाच मिनिटांच्या नोंदींतल्या वरच्या पाच टक्के सोडून देतात, म्हणजे तीस दिवसांतले ३६ तास. तासाभराची गर्दी बिलात माफ होते. पण पाइपच अरुंद असेल तर त्या माफीचं करायचं काय?

फोटो लहान करा, तयार पानं कॅशमध्ये ठेवा, इतकं तरी आजच करा. होस्टिंगवाल्याकडे जीबी नंतर विचारा. आधी वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या तासाचा आलेख मागा, आणि त्याच्या दुप्पट वाहील एवढी लाइन घ्या.