मासा मेला नाही, म्हणून पाणी चांगलं?

उन्हाळ्यात पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडला, ही बातमी आपल्याला नवी नाही. कधी राजाराम बंधाऱ्याजवळ, कधी खाली शिरोळ तालुक्यात तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी. मग पंचनामा होतो, पाण्याचे नमुने घेतले जातात, प्रदूषण नियंत्रण मंडळाला निवेदनं दिली जातात. आज मला बोलायचं आहे ते मात्र जे मासे मरत नाहीत त्यांच्याबद्दल.

एका रात्रीत मासे मरतात तेव्हा बऱ्याचदा कारण प्राणवायूचं असतं. मळीमिश्रित पाणी किंवा मैला नदीत आला की तो कुजवणारे जिवाणू भराभर वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. मासा गुदमरतो. हे निदान डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं. पण काही रसायनांची तऱ्हा वेगळी असते. मासा पोहत राहतो, खात राहतो. फक्त त्याची अंडी फुटत नाहीत, फुटली तर पिलं वाढत नाहीत. याचा पंचनामा कोण करणार?

एखादं रसायन माशाला घातक आहे का, हे पाहण्याची नेहमीची चाचणी 96 तासांची असते. टाकीत मासे सोडायचे, वेगवेगळ्या प्रमाणात रसायन घालायचं आणि किती प्रमाणाला निम्मे मासे मरतात ते बघायचं. आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांमध्ये कारखान्याच्या सांडपाण्यालाही हीच मुदत आहे. पाणी न मिसळता, जसंच्या तसं सांडपाणी घेतलं तरी त्यात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. नियम चांगला आहे आणि तो कसोशीने पाळला गेला तर बरंच काही साधेल. पण तंबाखू खाणारा माणूसही चार दिवसांत मरत नाही. तेवढ्यावरून तंबाखूला कुणी निर्दोष म्हणेल का?

म्हणून दीर्घ मुदतीची चाचणी असते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 210 क्रमांकाची पद्धत यासाठी जगभर वापरतात. त्यात नुकत्याच फळलेल्या अंड्यांपासून सुरुवात होते. झेब्रा मासा घेतला तर अंडी फुटल्यानंतर साधारण 30 दिवस पिलांवर लक्ष ठेवतात. किती अंडी फुटली, किती पिलं जगली, त्यांची लांबी आणि वजन किती भरलं, कुणात व्यंग आलं का, हे सगळं मोजतात. रसायनाची पाच प्रमाणं आणि एक स्वच्छ पाण्याचा गट, प्रत्येकात किमान 80 अंडी. म्हणजे एका रसायनापायी 480 जीव झाले.

मग ही चाचणी सरसकट प्रत्येक रसायनाला लावावी का? माझं उत्तर, नाही. तिला खर्च आणि वेळ लागतो, आणि मासाही जीवच आहे. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये मांडलं की प्राण्यांवरचे प्रयोग टाळता येतील तिथे टाळावेत, कमी करता येतील तिथे कमी करावेत, आणि करावेच लागले तर वेदना कमीत कमी ठेवाव्यात. तेव्हा मासा टाकीत सोडण्याआधी गणित कागदावर करायचं असतं.

पहिला प्रश्न असतो प्रमाणाचा. युरोपात रीच नावाचा कायदा 2007 पासून लागू आहे. एखादं रसायन वर्षाला 100 टन किंवा त्याहून जास्त बनवलं किंवा आणलं जात असेल, तर माशांवरच्या दीर्घ चाचणीचा विचार करावा लागतो. दुसरा प्रश्न, ते नदीत पोचल्यावर तिथे किती राहील? समजा, छोट्या चाचण्यांत शेवाळ, पाण्यातला डाफ्निया नावाचा बारीक जीव आणि मासा यांपैकी सर्वांत नाजूक ठरलेल्या जिवाला लिटरमागे 10 मिलिग्रॅम घातक ठरलं. हाताशी एवढीच माहिती असेल तर त्याला हजाराने भागतात. उत्तर आलं 10 मायक्रोग्रॅम. नदीत त्या रसायनाचा अंदाज 2 मायक्रोग्रॅम असेल, तर फाईल तिथेच मिटवता येते. अंदाज 40 निघाला, तर मात्र दीर्घ चाचणीची वेळ येते. किंवा ते रसायन नदीत जाणारच नाही अशी सोय करावी लागते.

या गणिताला दोन ठिकाणी दगा बसू शकतो. रसायन पाण्यात नीट विरघळत नसेल, तर माशाच्या शरीरात ते हळूहळू साठतं आणि 96 तासांत त्याचा परिणाम पुरता दिसतच नाही. दुसरी अडचण संप्रेरकांची. कापड धुण्या-भिजवण्याच्या प्रक्रियेत जगभर वापरली गेलेली नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट्स पाण्यात मोडतात आणि त्यांतून नॉनिलफिनॉल तयार होतं. ते माशाच्या शरीरात स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. युरोपने 2005 पासून कापड प्रक्रियेतल्या त्यांच्या वापरावर बंधन घातलं, आणि 2021 पासून धुण्याजोग्या कापडात ती वजनाच्या 0.01 टक्क्यांहून कमी असावीत असा नियम केला. कॅनडातल्या एका प्रायोगिक तलावात शास्त्रज्ञांनी गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक 2001 पासून तीन उन्हाळे सोडलं. प्रमाण होतं लिटरमागे जेमतेम 5 ते 6 नॅनोग्रॅम. चार दिवसांत मासा मरायला याच्या हजारो पट लागतं. तरीही तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाची संख्या जवळजवळ नाहीशी होण्यापर्यंत आली.

आता आपल्या नदीकडे येऊ. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही आपल्या जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेली देणगी. पावसाळा सरला की पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बरगे, घालायचे, पुढचा पाऊस जवळ आला की काढायचे. त्यामुळे शेतीला पाणी मिळतं. पण त्या काळात नदी वाहते कमी आणि साठते जास्त. वाहत्या नदीत विषारी पाण्याचा लोंढा येऊन पुढे जातो, तिथे 96 तासांचं माप चालून जाईल. दोन बंधाऱ्यांच्या मध्ये अडकलेला मासा मात्र त्याच पाण्यात महिनोन् महिने श्वास घेतो. पहिल्या पावसात बरगे निघतात, साठलेला गाळ आणि घाण एकदम खाली सुटते; आणि रोहू-कटल्यासारखे मासे अंडी घालतात तेही पावसाळ्यातच. म्हणजे अंडी आणि पिलं या सर्वांत नाजूक अवस्थेलाच ही घाण गाठते. अशा नदीसाठी रसायन तपासताना दीर्घ चाचणीकडे आपला कल युरोपपेक्षा जास्त हवा, कमी नव्हे.

यासाठी सगळं काही प्रयोगशाळेतच सुरू व्हायला हवं असं नाही. नदीवर जाळं टाकणाऱ्या भोई मंडळींना विचारा: जाळ्यात नुसते मोठे मासे येतात, की लहानही? बाहेरून आणून सोडलेलं मत्स्यबीज सोडा. नदीतच जन्मलेली बोटुकली दिसते का? मोठे मासे आहेत आणि पिलं नाहीत, अशी नोंद दोन-तीन वर्षं लागोपाठ आली, तर ती दीर्घ चाचणी मागण्याला पुरेसं कारण ठरते.

आणि मागणीही नेमकी करू या. नदीकाठच्या प्रत्येक उद्योगाने तीन गोष्टी लेखी द्याव्यात: कोणतं रसायन वापरता, वर्षाला किती, आणि साठलेल्या पाण्यात ते किती दिवस टिकतं. ही उत्तरं हाती असतील तर बहुतेक रसायनांसाठी एकही मासा टाकीत सोडावा लागणार नाही, आणि उरलेल्यांपैकी कोणाची दीर्घ चाचणी टाळून चालणार नाही, तेही कळेल. आज पंचगंगेतला मासा हीच चाचणी देतो आहे, फक्त तिची नोंद कुणी ठेवत नाही.