गाळ, पोयटा आणि परिभाषा
(अकादमीच्या वार्षिक चर्चासत्रात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



साहित्याची प्राध्यापिका समुद्रतळाच्या थरांविषयी बोलणार, हे वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्यातून मी आले हैदराबादेहून, जिथे समुद्र नाही. आणि बोलते आहे गोमंतकात, जिथे दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाच उभी आहे. तेव्हा आधी खुलासा करते.

पदवीला माझ्याकडे मराठी शिकलेली एक विद्यार्थिनी पुढे भूविज्ञानाकडे वळली. गोदावरीच्या मुखापलीकडे खोल समुद्रात साचलेल्या थरांवर तिने एक मराठी लेख लिहिला आणि तपासायला माझ्याकडे आणला. पहिलेच वाक्य 'अवसादी निक्षेपांच्या स्तरानुक्रमाचे कणप्रतवारीच्या अनुषंगाने विश्लेषण' अशा थाटाचे होते. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि लेख परत दिला. आठवड्याने ती आली. म्हणाली, "मॅडम, आजोबांना वाचून दाखवला. म्हणाले, छान आहे, पण आहे कशाबद्दल?"

आजोबा नांदेडकडचे, गोदाकाठचे शेतकरी. मग तिने त्यांना तोंडी सांगितले, की गढूळ लोंढ्यातून आधी जाडे कण खाली बसतात, मग बारीक. आजोबा म्हणाले, "एवढंच होय? पूर ओसरला की मळीत खणून बघ. खाली रेती, त्यावर पोयटा, सगळ्यात वर चिकण."

मित्रहो, चूक विद्यार्थिनीची नव्हती. तिला असेच लिहायला शिकवले गेले होते, आणि शिकवणाऱ्यांत मीही होते. म्हणून मी या विषयाचे जमेल तेवढे वाचन केले. आज त्यातलेच थोडे सांगते.

नदी समुद्राला मिळाली, की तिचा गाळ किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीवर साचतो. ही जमीन संपते तिथून तीव्र उतार लागतो आणि खाली हजारो मीटर खोलीवर गाळाची विस्तीर्ण खोरी असतात. एरवी तिथे फार सावकाश भर पडते. सूक्ष्म जीवांची कवचे आणि वाऱ्या-पाण्याबरोबर आलेली बारीक माती मिळून हजार वर्षांत काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर थर साचतो. मग त्या शांत चिखलात मध्येच रेतीचे थर कसे, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर तारयंत्राने दिले. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला समुद्राखाली भूकंप झाला. जवळच्या तारा लगेच तुटल्या. पण उतारावरच्या आणि त्याहून खोल पाण्यातल्या तारा त्यानंतर सुमारे तेरा तास एकापाठोपाठ एक तुटत राहिल्या. संदेश बंद पडल्याची वेळ मिनिटासकट नोंदलेली होती. १९५० मध्ये क्यूनेन आणि मिग्लिओरिनी यांनी, गढूळ लोंढ्यातून असे जाड-बारीक कणांचे थर बनतात, हे मांडले होते. १९५२ मध्ये हीझन आणि यूइंग यांनी तारा तुटण्याच्या वेळा जुळवून दाखवले, की भूकंपाने सुटलेला गाळमिश्रित पाण्याचा लोंढा उतारावरून धावत गेला आणि वाटेतल्या तारा तोडत गेला. पुढे १९६२ मध्ये आर्नल्ड बाउमा यांनी फ्रान्सच्या आल्प्समधल्या खडकांवरून अशा थराचे पाच भाग सांगितले. तळाशी रेती, मग सपाट रेघांची रेती, मग लहरींच्या खुणा, त्यावर बारीक रेघांचा पोयटा आणि शेवटी निवळत आलेल्या पाण्यातून बसलेला चिखल. पाचही भाग एका ठिकाणी क्वचितच मिळतात, पण त्यांचा क्रम तोच असतो. आजोबांच्या मळीतला क्रमही जाडाकडून बारकाकडेच जाणारा आहे.

गोमंतकीय श्रोत्यांना दरड सांगायला नको. समुद्राखालीही दरडी कोसळतात. अरबी समुद्रात, पश्चिम किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर, २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेने तळाला छिद्रे घेतली, तेव्हा एका ठिकाणी दरडीचा माल तीनशे मीटरहून जाड निघाला. सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वीच्या या दरडीला शास्त्रज्ञांनी 'नटराज' हे नाव दिले आहे.

आता गोदावरीकडे वळते, कारण माझा मूळ मुद्दा तिथे आहे. २००६ मध्ये तिच्या मुखासमोर, सुमारे १२७० मीटर खोल पाण्यात, तळातून थरांचा एक उभा गाभा काढला गेला. त्यात अकरा हजार वर्षांची नोंद आहे. वरच्या खोऱ्यातली माती दख्खनच्या काळ्या कातळातून आलेली, खालच्या खोऱ्यातली त्याहून कितीतरी जुन्या खडकांतून. दोन्हींतल्या निओडिमियमच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असल्याने कोणत्या थरात कुठली माती किती, हे सांगता येते. पानांवरच्या मेणाचे अंशही त्यात टिकले आहेत. त्यांवरून खोऱ्यातल्या झाडोऱ्याचा अंदाज बांधता येतो.

या गाभ्यावरून असे दिसते, की सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून खोऱ्यात कोरड्या हवेत तगणारी झाडे वाढली, आणि सुमारे १७०० वर्षांपूर्वीनंतर ती टिकून राहिली. त्याच उत्तरकाळात दख्खनच्या मातीचा वाटा वाढत गेला आणि थर भराभर साचू लागले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचा संबंध शेतीसाठी उघड्या झालेल्या जमिनीशीही जोडला. प्रवरेच्या काठी दायमाबाद आणि जोर्वे इथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती, हे आपण पुरातत्त्वाच्या पुस्तकांत वाचतो. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्यांच्या शेतांतली माती कुठे गेली, ते या गाभ्यात आहे. आज गोष्ट उलटली आहे. माती खरवडली जाते, पण धरणांत अडते. समुद्रापर्यंत पोहोचणारा गाळ घटल्याने त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी खचतो आहे.

ही आपल्या जमिनीची गोष्ट आहे, आणि ती ज्यांच्या शेतातून वाहून गेली त्यांनाच वाचता येत नाही. ती इंग्रजीत आहे, हे एक कारण. मराठीत आली तरी 'अवसादी निक्षेप' होऊन येते, हे दुसरे. दुसरे कारण आपल्या हातातले आहे.

यावर आक्षेप येतो, की शास्त्राला काटेकोर शब्द हवा, बोलीतला चालत नाही. आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर इंग्रजीतच शोधले. तिथे रेती, पोयटा आणि चिकणमातीसाठी आजही शेतकऱ्याचेच साधे शब्द आहेत. १९२२ मध्ये वेंटवर्थ यांनी त्यांना माप लावून दिले. एक सोळांश मिलिमीटरपेक्षा बारीक आणि एक दोनशेछप्पन्नांशपेक्षा जाड कण तो पोयटा, त्याहून बारीक ती चिकण. माप ठरले आणि रोजचा शब्द परिभाषेत गेला. आपण मात्र माप ठरवण्याऐवजी शब्दच बदलतो.

सगळेच घरचे शब्द चालतील असे मी म्हणत नाही. 'समस्थानिक' हा घडवलेलाच शब्द आहे आणि चांगला आहे, कारण त्या वस्तूला आधी नावच नव्हते. 'समुद्रबूड जमीन' हाही पाठ्यपुस्तकातलाच. पण ज्याला नाव आहे, त्याचे नाव आधी विचारावे. गाळ, मळी, रेती, पोयटा, साका, निवळणे, लोंढा, दरड यांपैकी एकही शब्द मला कोशातून उचलावा लागला नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. विज्ञानाचा मराठी मजकूर तपासायला आला, तर वेलांटीआधी एवढे पाहा, की तो कोणाला वाचून दाखवता येईल. विद्यार्थ्यांनी मांडवी-झुवारीच्या काठचे, खाजनातले, मासेमारीतले गाळाचे शब्द गोळा करावेत, आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या कणाला, कोणत्या खोलीला वापरतात ते लिहावे. शास्त्रज्ञांशी बसून त्यांना मापे लावता येतील.

माझ्या विद्यार्थिनीने लेख पुन्हा लिहिला. पहिले वाक्य आता असे आहे: 'गोदावरीने अकरा हजार वर्षांत समुद्रात नेलेला गाळ कसा बसला, ते या लेखात सांगितले आहे.' आजोबांनी तो पुरता ऐकला आणि विचारले, "मग आमच्या शिवाराची माती किती खोल सापडली?" तेवढे नेमके उत्तर तिच्याकडे नव्हते, पण प्रश्न योग्य आहे, असे तिचे मार्गदर्शकही म्हणाले.